चेनवरचं जास्तीचं तेल

माझी मुलगी दहावीला गेली त्या वर्षी आमच्या गावातून हायस्कूलला सायकलने जाणाऱ्या पाच जणी होत्या. हायस्कूल सहा किलोमीटरवर, सिंदेवाहीकडे जाताना लागणाऱ्या मोठ्या गावात. पहिले दोन किलोमीटर धानाच्या बांध्या, मग तीनेक किलोमीटर जंगल, मग पुन्हा बांध्या आणि शाळा. जंगलाच्या मधोमध नाला आहे, त्यावर ठेंगणा पूल. पुलाच्या अलीकडे वाघाचा वावर असल्याची पाटी लावलेली आहे. ती पाटी इतकी वर्षं तिथे होती की माणसं तिला टेकून बिडी ओढायची. त्या हिवाळ्यात पलीकडच्या गावातला एक गुराखी वाघाच्या तोंडी गेला आणि त्यानंतर पाटीपाशी कुणी थांबेना.

घरात आम्ही दोघीच. मुलीचे बाबा दिवाळीनंतर वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला जातात ते होळीलाच परततात. मी गावातच अंगणवाडीत आहे. गावाला दिवसातून दोनदा बस येते, पण दोन्ही वेळा शाळेच्या कामाच्या नाहीत. त्यात दहावीचे जादा तास सुरू झाले होते, सकाळी आठला. म्हणजे मुली सव्वासातला निघायच्या. त्या वेळी धुक्यात समोरच्या घराच्या कौलारू छपराचा काठसुद्धा नीट दिसत नसे. मी चौकात उभी राहून पाच सायकली जाताना बघायची. पाचही दिसेनाशा झाल्या की घरी येऊन घड्याळ बघायची. पोचायला पाऊण तास, असा माझा हिशेब होता. आठ वाजले की मला चहा गोड लागायचा. तोवर घेतलेला चहा कसा होता ते मला कधीच आठवत नाही.

एके दिवशी मुलगी संध्याकाळी आली तेव्हा तिचे हात काळे होते. मी विचारलं तर म्हणाली, चेन पडली होती. मी विचारलं, कुठे. तिने ओढणी खुंटीला लावली आणि म्हणाली, "नाल्याजवळ. दोन मिनटं लागली. मी लावली ना."

तिच्यासाठी गोष्ट तिथे संपली. माझी तिथून सुरू झाली. दोन मिनिटं म्हणजे किती, हे मी त्या रात्री अंथरुणावर मोजून बघितलं. एकशे वीस आकडे. ती खाली बसलेली, पाठ जंगलाकडे, मान चाकात घातलेली. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं असं गावात सगळेच बोलायचे. शेतात निंदायला बसणाऱ्या बायांच्या राखणीला तेवढ्यासाठी कुणीतरी उभं ठेवायचे. आणि माझी मुलगी नाल्याजवळ एकशे वीस आकडे वाकून बसली होती.

मी तिच्या बाबांना फोन लावला. जिनिंगचा आवाज इतका की त्यांना अर्धंच ऐकू गेलं. ते म्हणाले, चेन कोरडी झाली असेल, तेल टाकत जा. बस, एवढं मला पुरे होतं. करण्यासारखं काहीतरी हाताला लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी तिची वेणी घालायच्या आधी सायकलला तेल टाकायला लागले. पहिल्यांदा खोबरेल टाकलं. ते थंडीत गोठतं हे दुसऱ्या सकाळी लक्षात आलं, चेनवर पांढरे थर बसले होते. मग शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती ती संपवली. मग शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांकडून इंजिनचं काढलेलं काळं ऑइल बाटलीभर मागून आणलं. ते दाट होतं, चेनवर टाकलं की चकाकायचं, आणि ती चकाकी बघूनच मी वेणी घालायला उठायची. एका हाताने पायडल उलटं फिरवायचं, दुसऱ्या हाताने बाटली तिरपी धरायची. चेनचं कव्हर मागेच वाकलं होतं म्हणून मुलीने काढून टाकलं होतं, त्यामुळे सगळी चेन उघडीच होती. खाली अंगणात काळा डाग पडला. मुलीच्या शाळेच्या सलवारीला डाव्या... नाही, उजव्या पायाशी डाग पडले, चेन त्या बाजूला असते. ती रबर बँडने सलवार घोट्याशी बांधून जायला लागली.

ते दिवस धानाच्या चुरण्याचे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खळी, मळणी यंत्रं, हवेत सारखा भुसा. रस्त्यावर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, सांडलेला. मी तेल टाकायची आणि ती भुशातून सायकल चालवत जायची. चेनच्या कड्यांमध्ये काळी चिखलासारखी खळ जमते आहे हे मला दिसत होतं. मला वाटलं ते तेलच आहे, मुरलेलं. मी आणखी टाकलं.

डिसेंबरातला तो दिवस. सराव परीक्षेचा पेपर होता. शाळा पाचला सुटते, पावणेसहापर्यंत मुली गावात येतात. साडेपाचलाच मी गावाच्या शेवटच्या घरापाशी जाऊन उभी राहिले. पावणेसहा झाले. सहाला पाच कमी. सूर्य जंगलाच्या मागे गेला की आमच्याकडे फार पटकन गार होतं. मुलीकडे साधा फोन होता, तो लागत नव्हता. जंगलात कुणाचाच लागत नाही. तरी मी लावत राहिले. तिथे आणखी दोघी येऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात होती. ती बाई मोहफुलाच्या दिवसांत एकटी जंगलात जाणारी, गावात तिला कुणी घाबरलेलं बघितलं नव्हतं. ती पदर दोन्ही हातांनी पिळत होती.

कुणीतरी म्हणालं ट्रॅक्टर काढू. ट्रॅक्टरवाले शेतावर होते, त्यांना बोलवायला माणूस गेला. सव्वासहा झाले. मी रस्त्याने पुढे चालायला लागले. मागून कुणीतरी दंडाला धरून ओढलं, एकटी कुठं चालली म्हणून. मला त्या माणसाचं तोंडही आठवत नाही. दंडावरची बोटं आठवतात.

मग घंट्या ऐकू आल्या. एक नाही, पुष्कळ, न थांबता वाजणाऱ्या. आधी काही दिसेना. मग रस्त्याच्या वळणावर पाच जणी दिसल्या, एकमेकींना चिकटून, सायकली हातात धरून चालत येताना. चौघी घंट्या वाजवत होत्या. माझी मुलगी मागचं चाक उचलून सायकल ओढत होती. मागचं चाक फिरतच नव्हतं.

काय झालं ते तिथेच उभ्या उभ्या कळलं. पुलाच्या पलीकडे चेन उडाली आणि मागच्या छोट्या चक्राच्या आणि दांडीच्या मध्ये जाऊन अडकली. या वेळी ती दोन मिनिटांत निघेना. पाचही जणींनी ओढून बघितली. काठी घालून बघितली. हात तेलाने इतके निसरडे झाले की पकडच बसेना. दोघी पुढे जाऊन कुणाला तरी बोलवून आणू म्हणत होत्या, पण बाकीच्यांनी ऐकलं नाही. शेवटी चालत निघाल्या. साडेतीन किलोमीटर, त्यातलं दीड जंगल.

मी मुलीला धरलं. तिचे हात थंडगार आणि कोपरापर्यंत काळे होते. तेवढ्यात ती दुसरी बाई, पदर पिळणारी, माझ्यासमोर आली. आवाज चढवला नाही तिने.

"तुह्या पोरीच्या सायकलीपायी माही पोरगी जंगलात उभी राह्यली," ती म्हणाली. "सायकल नीट ठेवता येत नाई तर पाठवता काऊन?"

आणि आपल्या मुलीला घेऊन निघून गेली. मी रोज तेल टाकते, हे वाक्य तोंडात आलं होतं, पण ते कुणाला सांगायचं.

घरी आल्यावर मी पाणी तापवलं. काळं ऑइल साबणाने जाईना म्हणून राखेने हात घासून दिले. घासता घासता मुलगी म्हणाली की पुलापाशी वानरं सारखी खेकसत होती. एवढंच म्हणाली. वानरं कुणाला बघून खेकसतात ते जंगलाजवळ राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी राख घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला शाळेत पाठवलं नाही. सकाळच्या बसच्या टपावर सायकल चढवून आम्ही दोघी मोठ्या गावात गेलो. बसस्टॉपला लागून टिनाच्या शेडमध्ये एक सायकलवाले भाऊ बसतात. साठीच्या पुढचे, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. आता मोटरसायकलींची पंक्चरंच जास्त येतात त्यांच्याकडे, पण सायकल आली की त्यांचा चेहरा वेगळा होतो. त्यांनी सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी केली. मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक पुढे ढकललं, एक जाड स्क्रूड्रायव्हर घातला आणि अडकलेली चेन अर्ध्या मिनिटात सोडवली. मग चेनवरून अंगठा फिरवला. अंगठा समोर धरून बघितला. त्यावर काळी खळ होती आणि तिच्यात भुशाचे तुकडे.

"हे तेल कोणं टाकलं?" त्यांनी विचारलं.

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हणाले, "पोरगीच टाकते."

कसं म्हणाले मला माहीत नाही. ते विचारत होते त्या आवाजात राग होता, आणि आदल्या संध्याकाळचं ते वाक्य अजून माझ्या अंगावर होतं. आणखी एक झेलायची माझी ताकद नव्हती. मुलीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाऊंनी तिला चांगलंच सुनावलं. दहावीला आहेस ना, एवढं कळत नाही का, चेन म्हणजे काय भजं आहे का तेलात बुडवायला. ती खाली मान घालून हो म्हणत राहिली. मी शेडच्या खांबाला धरून उभी होते. मला आता सांगता आलं असतं. प्रत्येक वाक्यानंतर सांगता आलं असतं.

बोलता बोलता त्यांचे हात चालूच होते. कापलेल्या डब्यात थोडं डिझेल घेतलं. पूर्वी घासलेट वापरायचे, आता ते मिळत नाही म्हणाले. जुना दात घासायचा ब्रश डिझेलमध्ये बुडवून एकेक कडी घासली, वरून, खालून, दोन्ही कडांनी. पायडल उलटं फिरवत फडक्याच्या चिमटीतून चेन जाऊ दिली. फडकं काळं झालं, दुसरं घेतलं. तिसऱ्या फडक्यावर चेनचा खरा रंग दिसला. मग एक कडी सापडली जी वाकतच नव्हती. चेन दातेरी चक्रावरून जाताना त्या एका ठिकाणी कमान करून उठायची. भाऊ म्हणाले, हीच उडते. आत खळ घट्ट बसली की कडी आखडते. त्यांनी ती दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून आडवी-तिडवी हलवत मोकळी केली. मग बारीक तोंडाच्या कुपीने प्रत्येक कडीवर एक थेंब. एकच. शंभरेक कड्या असतील, त्यांना घाई नव्हती. चेन फिरवली, आणि मग, जे बघून मी चकित झाले, त्यांनी सगळं तेल पुन्हा पुसून काढलं.

"आत गेलं तेवढंच कामाचं," ते मुलीला म्हणाले. "वर राह्यलं का माती धरते."

पण चेन मुळातच ताणलेली होती, कड्या झिजल्या होत्या. नवीन लागणार होती आणि ती त्यांच्याकडे नव्हती, सिंदेवाहीहून आणावी लागणार होती. तोवर काम चालावं म्हणून त्यांनी कड्यांची एक जोडी काढून चेन आखूड केली आणि शनिवारी यायला सांगितलं.

परतीची बस दुपारी होती. आम्ही बसस्टॉपच्या ओट्यावर बसलो. मी पिशवीतून भाकरी काढली, कुणालाच भूक नव्हती. मग मी म्हणाले की मी खोटं बोलले. तेल मी टाकलं होतं, आणि तुला बोलणी बसली. काल जे झालं तेही माझ्यामुळेच झालं.

मुलगी म्हणाली, "मले माहीत होतं."

मला वाटलं ती खोटं बोलण्याबद्दल म्हणते आहे. तसं नव्हतं. तिने सांगितलं ते असं. तेल जास्त होतंय हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. रोज शाळेत पोचली की स्टँडला सायकल लावून ती वहीचे जुने कागद घेऊन चेन पुसायची. रोज. मधल्या सुट्टीत राहिलेलं पुसायची. काल पेपर होता, धुक्यामुळे पोचायला उशीर झाला, पुसायचं राहिलं. संध्याकाळी विसरली.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस.

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "तू तेल टाकत होती तवाच थोडी शांत दिसत होती," ती म्हणाली. "म्हणून मंग नाई सांगतलं."

ओट्यावर आमच्याशिवाय दोन म्हातारे होते आणि एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. मला रडायचं नव्हतं तिथे. मी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. पंधरा वर्षांची मुलगी रोज सकाळी जंगलातून येऊन आधी माझी काळजी पुसून काढत होती, कागदाने, आणि मग वर्गात जात होती. तिला स्वतःला भीती वाटते की नाही हे मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा विचारलं. ती म्हणाली, वाटते ना. पुलावर वाटते. पुलावर आम्ही पाढे म्हणतो जोरात.

शनिवारी मी एकटीच गेले. आधी भाऊंना सांगून टाकलं की तेल मी टाकलं होतं, पोरीने नाही. मी वाट बघत होते की ते काहीतरी लागेल असं बोलतील. त्यांनी नवीन चेन कागदातून सोडवली आणि माझ्या हातात दिली.

"मंग तुमीच बसवा," ते म्हणाले.

मला दीड तास लागला. जुनी चेन काढणं, चक्राच्या दात्यांमधली खळ काडीने कोरून काढणं, नवी चेन पुढच्या चक्रावरून मागच्यावर घेणं. दोन टोकं जोडायला एक छोटं लॉक असतं, नखाएवढं. त्याचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते तिकडे ठेवायचं, उघडं टोक मागे. उलटं बसलं तर कशाला तरी घासून निघून जाऊ शकतं. हे ऐकल्यावर मी ते तीनदा तपासलं. ते लॉक जंगलात निघालं तर, हा विचार मनात आला की बसवलेलं लॉक काढून पुन्हा पहिल्यापासून बसवायची. भाऊ एकदाही मदतीला वाकले नाहीत. चाक मागे ओढून नट कसताना मी चेन अगदी ताठ केली. मला ताठ म्हणजे सुरक्षित वाटत होती. त्यांनी मध्यावर बोट ठेवून दाबायला लावलं. चेन अर्धा इंच तरी वरखाली हलली पाहिजे, नाहीतर तुटेल म्हणाले. मला नट पुन्हा ढिले करावे लागले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी अंगणवाडीच्या ओट्यावर सायकल उलटी करायची. डिझेलचा डबा, ब्रश, तीन फडकी. मुलगी सोबत असायची आणि तेलाची कुपी तिच्या हातात, माझ्या नाही. तसं आमचं ठरलं होतं. कधी मी म्हणायची, या कडीला अजून एक थेंब टाक, तर ती कुपीचं झाकण लावून टाकायची. दुसऱ्या रविवारी बाकीच्या तीन मुली आपापल्या सायकली घेऊन आल्या. पाचवी आली नाही. तिची आई माझ्याशी बोलत नव्हती. पाण्याच्या टाकीवर भेटली तर हंडा भरून सरळ जायची.

जानेवारीत ती आली. स्वतः सायकल ढकलत, मुलगी मागे. तिने सायकल ओट्याला टेकवली आणि म्हणाली, "कटकट आवाज येऊन राह्यला. पाहून देता का?"

मी बघितलं. एक कडी आखडली होती. मी ती तिच्या अंगठ्यांत दिली आणि कशी हलवायची ते दाखवलं. तिचे अंगठे माझ्याहून मजबूत होते, लगेच मोकळी झाली. तिने पायडल फिरवून कान दिला, कटकट थांबली होती.

माझी भीती गेली असं मात्र झालं नाही. वनरक्षक येऊन गेले, कॅमेरे लावले, वाघ तिकडच्या नाल्याला सरकला असं कळलं, मग पुन्हा इकडे आला असंही कळलं. सव्वासात ते आठ हा वेळ तसाच राहिला. फरक एवढाच की त्या पाऊण तासात माझ्या डोळ्यांसमोर जे यायचं त्यातून चेन गेली. वाघ राहिला. एक वजा झालं तरी माणसाला श्वास घ्यायला जागा मिळते.

मार्चमध्ये परीक्षा झाली. सेंटर लांबच्या गावात होतं म्हणून पाच घरांनी मिळून गाडी ठरवली. सायकल त्या दिवसांत घरीच उभी होती. नंतर मुलगी अकरावीला गडचिरोलीला वसतिगृहात गेली.

पुढच्या महिन्यात मोठ्या गावात आमची अंगणवाडीची बैठक होती. बसची वेळ जमणारी नव्हती. मी लहानपणी सायकल चालवायची, लग्नानंतर कधी नाही. दोन दिवस गावातल्या शाळेच्या मैदानावर मुलीच्या सायकलवर सराव केला, एकदा पडले, आणि तिसऱ्या सकाळी निघाले. चौकात पदर पिळणारी ती बाई उभी होती, तिच्या मुलीची सायकल घेऊन. तिला बाजारात काम होतं म्हणाली. बाजार तर शुक्रवारी असतो. तो मंगळवार होता. मी म्हटलं, चला.

बांध्या संपल्या आणि सागाची झाडं सुरू झाली. त्या रस्त्याने मी शंभर वेळा बसने गेले असेन. सायकलवरून तो फार लांब असतो. दोन्ही बाजूंना पावसाने माजलेली झुडपं, आणि कुठेतरी त्यातलं एखादं हललं की मान आपोआप वळते. पूल आला तेव्हा मी सायकल तिच्या सायकलीला लागून घेतली. मी तिला म्हणाले, काहीतरी बोला. तिला काय बोलावं सुचेना. मग ती एकदम मोठ्या आवाजात आंबाडीची भाजी कशी करायची ते सांगायला लागली, भाजी निवडण्यापासून, आणि मी तितक्याच मोठ्या आवाजात विचारत होते, ज्वारीची कणी आधी टाकायची का नंतर. तसं बोलत आम्ही दोघी पुलावरून गेलो.